पॅच अँटेनाचं सिम्युलेशन: काम देण्याआधी एवढं वाचा

"सिम्युलेशनमध्ये २.४५ गिगाहर्ट्झ होतं, मग बोर्डावर २.४० कसं आलं?" पॅच अँटेनाच्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या सपाट चौकोनी तुकड्याच्या, फ्रिक्वेन्सीबद्दल नवे ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेक वेळा कारण लॅमिनेटमध्ये, म्हणजे तांब्याखालच्या इन्सुलेटर थरात, सापडतं. एफआर-४ या काचतंतू-इपॉक्सीच्या लॅमिनेटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला ते किती प्रतिसाद देतं याचा आकडा) ४.४ धरतात, पण माल बदलला की तो ४.२ किंवा ४.६ सुद्धा निघतो. तेवढ्याने फ्रिक्वेन्सी ५० मेगाहर्ट्झ सरकते, आणि १.६ मिमी जाडीच्या बोर्डावर पॅचची बँडविड्थच, म्हणजे तो नीट चालतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, साधारण तेवढी असते.

काम आलं की आम्ही आधी ट्रान्समिशन लाइन मॉडेलच्या (पॅचला सिग्नल नेणाऱ्या लाइनचा तुकडा मानणाऱ्या) सूत्रांनी मापं काढतो. वरच्या उदाहरणात पॅच सुमारे ३७ बाय २९ मिमी येतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढे सॉफ्टवेअरने भलतंच उत्तर दिलं तर ते लगेच लक्षात येतं.

मग सिम्युलेशनची पद्धत ठरते. सपाट थरांची रचना असेल तर मोमेंट पद्धत. तिच्यात गणितासाठी लहान तुकड्यांची जाळी फक्त तांब्यावर टाकावी लागते, त्यामुळे गणित हलकं राहतं. मात्र तिच्या नेहमीच्या मांडणीत ग्राउंड (लॅमिनेटखालचा तांब्याचा थर) आणि लॅमिनेट अमर्याद पसरलेले धरतात. तुमचा बोर्ड ५ सेंमीचा आणि शेजारी बॅटरी असेल तर हे चालत नाही. तिथे आम्ही फायनाइट एलिमेंट पद्धत वापरतो, जिच्यात सगळी जागा लहान तुकड्यांत विभागतात. कव्हर, स्क्रू, कनेक्टर सगळं त्यात मांडता येतं.

रुंद बँड हवा असेल तर एफडीटीडी, म्हणजे जागेची लहान घरं पाडून वेळेच्या टप्प्यांनी फील्ड मोजणारी, यी यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत. एक पल्स सोडला की सगळ्या बँडचं उत्तर मिळतं. पण घरं निम्म्या मापाची केली की त्यांची संख्या आठपट होते, वेळेचे टप्पे दुप्पट होतात, म्हणजे काम सोळापट. तरीही लॅमिनेटच्या जाडीत आम्ही निदान चार घरं ठेवतोच. पॅचखालचं फील्ड तिथेच असतं. तिथे काटकसर केली तर पुढचे आकडे भरवशाचे राहत नाहीत.

आम्हाला लॅमिनेटचं नाव, खरी जाडी, कव्हरचं प्लास्टिक आणि त्याचं पॅचपासूनचं अंतर कळवा. प्लास्टिक जवळ आलं की फ्रिक्वेन्सी खाली येते.

पहिल्या नमुन्यात पॅच मुद्दाम किंचित लांब ठेवतो. लांबी १ मिमी कमी केली की फ्रिक्वेन्सी सुमारे ८० मेगाहर्ट्झ वर जाते, म्हणून कव्हर लावून मोजतो, ब्लेडने कडेचं तांबं छाटतो आणि पुन्हा मोजतो. दोन्ही मोजण्यांचे आलेख सिम्युलेशनच्या आलेखासोबत तुम्हाला मिळतात.