एअरबॉक्स व त्याचे होज (जुन्या मोटारसायकली)

मोटारसायकलच्या साइड पॅनेलमागचा हवेचा डबा म्हणजे एअरबॉक्स. बाहेरची हवा आधी यात शिरते, फिल्टरमधून गाळली जाते आणि रबरी होजमधून (नळीतून) कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाला, मिळते. ठाणे-नवी मुंबईच्या गॅरेजांत याला ‘फिल्टरचा डबा’ आणि होजला नुसते ‘रबर’ म्हणतात. ‘व्हिंटेज’ शब्दही इथे सैल हाताने वापरतात. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडीच व्हिंटेज. 1985 साली भारतात आलेली यामाहा आरएक्स 100 त्यात बसत नाही. रबर मात्र नियम वाचून कडक होत नाही.

डबा धूळ अडवतो, हवा ओढल्याचा आवाजही दाबतो. कार्बोरेटरच्या जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीचे) माप या डब्यासकट ठरवलेले असते. डबा काढून उघडा फिल्टर लावला की बहुधा मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि मोठा मेन जेट घालावा लागतो. आवाजाच्या हौसेपायी हा उद्योग न केलेलाच बरा.

रबरे दोन असतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. डबा व कार्बोरेटर यांमधला होज फाटला, तर न गाळलेली हवा आत जाते. घोडबंदर रोडवरची धूळ मग थेट सिलिंडरमध्ये पोचते आणि पिस्टन, रिंगा झिजतात. हे नुकसान सावकाश होते, म्हणून लक्षात येत नाही. कार्बोरेटर व इंजिन यांमधले रबर फाटले, की गाडी ‘हवा खाते’, म्हणजे भेगेतून जादा हवा ओढते: आयडलिंग टिकत नाही, थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नाही. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण पेट्रोल कमी पडले की पिस्टन तापून सीझ होऊ शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

तपासायला रबर बोटांनी वाकवावे. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या रबराच्या घडीत टाचेसारख्या भेगा उघडतात. इंजिन चालू ठेवून इंजिनाकडच्या सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडावे. रेस बदलली तर गळती तिथेच.

खाडीकाठच्या दमट हवेत क्लिपा गंजतात. पावसाळ्यात डब्याच्या तळाची निचऱ्याची नळी चिखलाने तुंबते, ती तारेने मोकळी करावी.

जुन्या साठ्यातला ‘ओरिजिनल’ होजही दाबून पाहूनच घ्यावा; पाकिटात पडूनही रबर कडक होते. नवा होज बसत नसेल तर गरम पाण्यात बुडवून मऊ करावा आणि पुसून कोरडा केल्यावरच चढवावा.