जुन्या डिझेल जीपला दुसरं इंजिन किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आरटीओची मंजुरी कोणाला आणि कशी मिळते

इंजिन उतरवायच्या आधी अर्ज करा. एवढं एक चुकलं की पुढचं सगळं अडतं, म्हणून ते आधी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल करायचा नाही, हा त्याचा गाभा. इंजिन नंबर, इंधन, सीसी हे सगळं आरसीवर असतं. त्यामुळे इंजिनाला हात लागला की आरटीओचा संबंध आलाच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं २११२ सीसीचं प्यूजो इंजिन गेलं आणि तसंच दुसरं बसवलं, तर आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून वाहनातील बदलाचा अर्ज भरायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं. आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचा पत्ता आणि ओळखीचा पुरावा, चेसिस व इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (कागदावर पेन्सिल घासून घेतलेला नंबराचा ठसा) आणि इंजिनाचं पक्कं बिल एवढे कागद तयार ठेवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र लागतं. मंजुरी मिळाली की बदल करायचा आणि १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. मग गाडी पासिंगला न्यायची, तिथे मोटार वाहन निरीक्षक नंबर स्वतः पाहतात.

या सगळ्यात खरी कसोटी बिलाची असते. मी माझ्या जीपसाठी वापरलेलं इंजिन घेतलं तेव्हा विकणाऱ्याने कच्ची पावती दिली. इंजिन उत्तम होतं, पहिल्या सेल्फला लागायचं. पण ते कुठल्या गाडीतून निघालं हे माझ्याकडच्या एकाही कागदावर नव्हतं आणि निरीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. तीन महिने जीप शेडमध्ये उभी राहिली. म्हणून वापरलेलं इंजिन घेताना बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, मूळ गाडीचा नंबर आणि ती भंगारात काढून नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. ती गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय पोर्टलवर तपासून तो दाखला फाईलला लावा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर ते इंजिन कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

पेन्सिल प्रिंटही घाईने उरकू नका. जुन्या इंजिनाच्या ब्लॉकवर तेल आणि मातीचा थर बसलेला असतो. डिझेलच्या फडक्याने जागा पुसा, तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवा, मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घासा. ३ आणि ८ मध्ये शंका राहिली तर दुसरी प्रिंट काढा. नंबरावर ग्राइंडर चुकूनही लावू नका, खाडाखोड केल्याचा संशय येतो. नवा ब्लॉक नंबराशिवाय आला असेल तर गॅरेजमध्ये पंच मारून घेऊ नका, आधी आरटीओची परवानगी घ्या.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. २०१० ते २०२० या काळातली महिंद्रा थार फक्त मॅन्युअल होती. कंपनीची ऑटोमॅटिक थार ऑक्टोबर २०२० मध्ये, नव्या मॉडेलसोबत आली. मग जुन्या थारला नवं इंजिन आणि ऑटोमॅटिक बसवता येईल का? गॅरेजमध्ये बसेल. कागदावर बसणं फार अवघड आहे. वेगळं इंजिन म्हणजे कंपनीच्या मूळ तपशिलाशी फारकत, आणि तशी फारकत चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही मिस्त्री सांगतात, गिअरबॉक्सची नोंद आरसीवर नसते, नुसता ऑटोमॅटिक टाका. नोंद नसते हे खरं. पण आजच्या ऑटोमॅटिकला इंजिनाकडून इलेक्ट्रॉनिक सिग्नल लागतात, आणि मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनात ते नसतातच. म्हणून गिअरबॉक्सपाठोपाठ इंजिनही बदललं जातं. तरीही गिअरबॉक्सच बदलायचा असेल तर आरटीओला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

ऑटोमॅटिकची खरी गरज ज्यांना आहे त्यांच्यासाठी मात्र कायद्यात स्वतंत्र दार आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घ्यायची असेल तर कलम ५२ च्या पोटकलम २ प्रमाणे बदल आधी करून मंजुरी नंतर घेता येते. केंद्राने ठरवलेल्या अटी पाळाव्या लागतात आणि गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायची असते. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा, आणि लायसन्सवरही तशा वाहनाची नोंद करून घ्या.

इंधन बदलण्यालाही वाट आहे, पण ती मान्यताप्राप्त किटचीच. साडेतीन टनांखालच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेल गाडीत सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवायला ऑगस्ट २०२२ पासून नियमात जागा आहे. इलेक्ट्रिक किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी लागते. त्या मंजुरीपत्रात तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का, हे पैसे देण्याआधी वाचा.

“गाडी फक्त ट्रेलवर, म्हणजे रानातल्या कच्च्या वाटांवर चालवतो, रस्त्यावर आणत नाही” ही सबब टिकत नाही. कलम ३९ नोंदणीची अट सार्वजनिक ठिकाणी आणि “इतर कोणत्याही ठिकाणी” अशी दोन्हीकडे लावतं. शिवाय १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणात इंजिन नंबर पुन्हा पाहिला जातो.

मंजुरीनंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नवा इंजिन नंबर चढवून घ्या आणि पीयूसी नव्याने काढा. नवी आरसी हातात आली की कार्ड घेऊन बॉनेट उघडा आणि इंजिन नंबरचा एकेक आकडा ब्लॉकशी जुळवा. एखादा चुकला असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.