दाऽकु वेबु आणि यामि साइतो : जपानी इंटरनेटवरचे दोन वेगळे काळोख

जपानी गुन्हेवृत्तांत 'दाऽकु वेबु' आणि 'यामि साइतो' हे दोन शब्द वारंवार येतात, आणि भाषांतरात दोन्हींसाठी सर्रास 'डार्क वेब' असे लिहिले जाते. पहिला शब्द तर डार्क वेबच आहे. जपानी शब्द 'न' वगळता व्यंजनावर संपत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी शेवटी 'उ' चिकटला आहे. मराठी कानाला त्यात डाकू ऐकू येतो, हा निव्वळ योगायोग. दुसऱ्या शब्दातला 'साइतो' इंग्रजी 'साइट'वरून आला असला, तरी 'यामि', म्हणजे काळोख, हा अस्सल जपानी शब्द आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

दाऽकु वेबुमधला अंधार तांत्रिक आहे. त्यामागच्या 'टॉर' या प्रणालीचा पाया १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत घातला गेला. तिच्यात संदेशावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सांकेतिक आवरणे चढवून तो अनेक संगणकांमधून फिरवला जातो, त्यामुळे पाठवणारा कोण आणि पोहोचला कुठे, हे वाटेतल्या कोणत्याही एका संगणकाला पूर्णपणे कळत नाही. तेथील संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट ओनियन'ने संपतात आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. मात्र तिथे असणे हा गुन्हा नव्हे. बीबीसीनेही २०१९मध्ये आपल्या बातम्या तेथे उपलब्ध करून दिल्या. जपानमध्ये हा शब्द सर्वतोमुखी होण्यास जानेवारी २०१८मध्ये कॉइनचेक या आभासी चलन विनिमय केंद्रात झालेल्या चोरीचा मोठा हातभार लागला. सुमारे ५८ अब्ज येनांचे 'नेम' हे आभासी चलन चोरीला गेले आणि ते स्वस्तात बदलून देणारे संकेतस्थळ दाऽकु वेबुवर उभे राहिले.

'यामि'चा अर्थ मात्र दृष्टीआड असलेले असा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रेशनच्या टंचाईत स्थानकांजवळ भरणारे 'यामिइची', म्हणजे काळे बाजार, भरदिवसा, सर्वांसमक्ष चालत, आणि तोक्योच्या उएनो भागातील आमेयोको ही आजची गजबजलेली बाजारपेठ त्यांतूनच वाढली. आपल्या 'काळ्या बाजारा'तला 'काळा' जसा रंग सांगत नाही, तसा हा 'यामि' लपणे सांगत नाही, नियमबाह्यता सांगतो. त्यामुळे यामि साइतो म्हणजे गुन्ह्यासाठी साथीदार किंवा गिऱ्हाईक जमवणारे संकेतस्थळ, मग ते साध्या मोबाइलवर उघडत का असेना. ऑगस्ट २००७मध्ये नागोया येथे एका तरुणीचे अपहरण करून खून करणारे तिघे अशाच एका साइटवर एकमेकांना भेटले होते. त्या साइटच्या नावाचा अर्थ 'काळोखातले रोजगार कार्यालय' असा होता, आणि तिथे पोहोचण्यासाठी टॉरसारख्या कोणत्याही साधनाची गरज नव्हती.

म्हणूनच 'यामि'चे भाषांतर 'डार्क' असे केले की वाचक गुन्हेगाराला नको तितका तंत्रकुशल समजतो. अलीकडचा 'यामि बाइतो' हा शब्द याच कुळातला आहे. त्यातला 'बाइतो' जर्मन 'अर्बाइट'वरून, अर्धवेळ कामासाठी आलेला. चोरी-दरोड्यांसाठी माणसे हवी असल्याच्या जाहिराती नेहमीच्या समाजमाध्यमांवर दिसतात आणि पुढचे बोलणे टेलिग्राम किंवा सिग्नल या संदेश-अ‍ॅपवर होते. फेब्रुवारी २०२३मध्ये अशा दरोड्यांच्या सूत्रधारांपैकी असल्याचा संशय असलेल्या चौघांना फिलिपिन्समधून जपानमध्ये आणले गेले. ते मनिलातील स्थलांतर विभागाच्या कोठडीतून फोनवरून सूचना देत असल्याचा आरोप होता.