जलविमानांचे उथळ पाण्यातील अवतरण-अपघात
चाकांऐवजी पोकळ, जलाभेद्य फ्लोटांवर उतरणारे विमान वस्तीपासून दूरच्या उथळ नदीत, खाडीत किंवा सरोवरात उतरताना तळाला, खडकाला अथवा गाळाला लागून होणारे अपघात. ज्यांचा धडच पाण्यावर तरंगतो त्या उडत्या नौका काटेकोरपणे वेगळ्या. तथापि तळाशी होणाऱ्या धडकेचे स्वरूप सारखेच असल्याने येथे त्यांचाही विचार केला आहे.

या अपघातांचा इतिहास कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. ऑस्ट्रियातील संशोधक व्हिल्हेल्म क्रेस यांचे फ्लोटांचे उड्डाणयंत्र १९०१ मध्ये व्हिएन्नाजवळच्या एका जलाशयात वेगाने वळताना कलंडून बुडाले. मात्र ते मुळात उडालेच नव्हते, त्यामुळे त्यास अवतरण-अपघात म्हणणे सयुक्तिक वाटत नाही. फ्रेंच अभियंते आंरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी दक्षिण फ्रान्समधील बेर या खाऱ्या सरोवरावरून केलेले जलविमानाचे पहिले उड्डाण हाच आरंभबिंदू मानणे अधिक ग्राह्य होय.

फ्लोटाच्या तळाला मध्याच्या सुमारास एक पायरी असते. वेगात असताना फ्लोट या पायरीवर पाणी चाटत सरकतो व फार थोडा बुडतो. वेग ओसरला की तो खाली बसतो, मागची टाच अधिक खोल जाते आणि नेमका तेव्हाच तळ लागतो. म्हणूनच पाण्याला सुखरूप टेकलेले विमानही काही क्षणांनी अडकू शकते. गाळ फ्लोटांना मागे खेचतो, गुरुत्वमध्य मात्र बराच वर असतो, आणि विमान नाकावर जाऊन उलटते. पाण्यावर व जमिनीवरही उतरू शकणाऱ्या उभयचर विमानाची चाके चुकून खाली राहिल्यास खोल पाण्यातही हेच घडते. आरशासारख्या निश्चल पाण्यावर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. अशा वेळी किनाऱ्याची रेषा नजरेत ठेवून, इंजिनाची शक्ती कायम राखून, अगदी मंद गतीने खाली येण्याची रीत आहे.

दुर्गम स्थळाचे ठळक उदाहरण म्हणजे ‘कोर्सेर’ ही इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची उडती नौका. मार्च १९३९ मध्ये वाट चुकून, इंधन संपत आल्याने ती बेल्जियन काँगोतील अरुंद डुंगू नदीत उतरली आणि पाण्याखालच्या खडकाने तिचा तळ फाटला. दुरुस्तीनंतर उड्डाणाच्या प्रयत्नात ती पुन्हा खडकावर आदळली. अखेर बांध घालून पाण्याची पातळी वाढवण्यात आली, आणि जानेवारी १९४० मध्ये ती तेथून उडाली.



उथळपणा ही स्थळाइतकीच वेळेचीही बाब आहे, हे ठाणे खाडीत उत्तम दिसते. उधाणाला येथे पाणी चार मीटरहून अधिक चढते. नकाशातील खोली मात्र ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. वाशीच्या पुलावरून भरतीला जे सलग पात्र दिसते, तेथेच सहा तासांनी कोळ्यांची होडी चिखलात कलती पडलेली असते आणि भोवती निवट्या हे चिखलातले मासे उड्या मारतात. गढूळ पाण्याचा रंग हातभर खोलीला आणि दोन वावांना (सुमारे साडेतीन मीटर) एकच. रोहित पक्षी गुडघाभर पाण्यात उभे असले, तरच वरून खोलीचा काही सुगावा लागावा. जाळ्यांचे खुंट भरतीत बुडालेले असतात. अशा चिखलात उलटलेल्या विमानाची दारे गाळात दाबली जातात, आणि ओहोटीत होडी पोचत नाही व पायी निघालेला माणूस रुततो, म्हणून मदतीलाही पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते.