नऊ इंचांची भिंत

लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर बऱ्याच मराठी माणसांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतले. राणी व्हिक्टोरियाच्या काळातले, शेजारच्या घरांना खेटून रांगेत उभे असलेले घर. याच जातकुळीतली, पण कितीतरी साधी घरे आजही इंग्लंडभर लाखोंनी नांदती आहेत. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि मूळच्या आराखड्यात संडास मागच्या परसात. अशा रांगेला तिकडे टेरेस म्हणतात. आपल्याला टेरेस म्हटले की गच्ची आणि वाळत घातलेले पापड आठवतात, ते वेगळे.

खेटून बांधण्यात जमीन वाचते, तशी ऊबही वाचते. दोन बाजूंना शेजाऱ्याचे घर असले की थंडीला तोंड द्यायला समोरची आणि मागची अशा दोनच भिंती उरतात. बांधणाऱ्या ठेकेदाराला अर्थात पैशाची ऊब अधिक प्रिय होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये उठला. रेल्वेने वेल्सच्या खाणींतला पाटीचा दगड छपरांसाठी गावोगाव पोचवला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर रुंद रस्ते, मागे मोकळी जागा, सांडपाण्याची सोय यांचे नियम आले. तरी दर्शनी भिंतीला एकसारख्या सुबक विटा आणि मागच्या भिंतीला हाताला लागतील त्या, ही रीत चालूच राहिली. वरून कीर्तन, आतून तमाशा!

या भिंतीकडे नीट पाहिले तर एक वीट आडवी लांब दिसते आणि तिच्या शेजारची फक्त डोके दाखवते. डोके दाखवणारी वीट भिंतीच्या आरपार गेलेली असते. विटेची लांबी सुमारे नऊ इंच, म्हणून भिंतही नऊ इंचांची आणि भरीव. पावसाचे पाणी तिच्यात मुरतेच. मग ते आत खोलीत का येत नाही? याचे उत्तर विटांमधल्या चुन्यात आहे.

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी घातले की तो फसफसून विरतो. वाळू मिसळून भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. आपल्या वाड्यांसाठी बैल फिरवून घाण्यात मळला जाणारा चुना याच रसायनाचा. तो विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेले पाणी या सांध्यांच्या वाटेने बाहेर येते आणि वाऱ्यावर उडून जाते. झीज झालीच तर सांध्याची होते, वीट शाबूत राहते.

आतला ओलावा बाहेर काढण्याचे काम चुलाण्याकडे होते. खोलीत कोळसा पेटला की तापलेली हवा धुराड्यातून वर चढते, आणि तिची जागा भरायला दारांच्या फटींतून, फळ्यांच्या जमिनीतून ताजी हवा ओढली जाते. बहुतेक उष्णता धुराड्यातून वाया जाई आणि बसणाऱ्याचे पोट भाजून पाठ गारठे. पण माणसांच्या श्वासाची, भिजल्या कपड्यांची वाफही त्याच वाटेने निघून जाई. फळ्यांच्या खाली पोकळी ठेवलेली असते. तिच्यात वारा खेळावा म्हणून जोत्याशी भोकांच्या विटा बसवलेल्या असतात. हा तपशील मला या घरातला सर्वांत हुशार वाटतो, आणि नवे मालक नेमका तोच बुजवतात.

खिडकीच्या दोन झडपा वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोटात दोरीला टांगलेली लोखंडी वजने झडपेचा भार तोलतात, म्हणून लहान मूलही ती उचलू शकते. वरची थोडी खाली आणि खालची थोडी वर केली की गरम हवा वरून बाहेर पडते, गार हवा खालून येते. वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांना छोटी लाकडी शिंगे दिसली, तर खिडकी बहुधा व्हिक्टोरियन किंवा नंतरची समजावी. काचा मोठ्या आणि जड झाल्या, तेव्हा चौकटीचे सांधे बळकट करायला ती आली.

डिसेंबर १९५२ मध्ये विषारी धुक्याने लंडनची कोंडी केली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि पुढच्या काही दशकांत घरोघरच्या शेगड्या विझत गेल्या. ते योग्यच झाले. पण धुराडी बंद झाली, फटी बुजल्या, दुहेरी काचा लागल्या, आणि वाफेला वाट उरली नाही. ती गार भिंतीवर थिजू लागली. वर सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरले गेले. सिमेंट कडक आणि घट्ट, त्यामुळे पाणी आता विटेतच अडकते. हिवाळ्यात गोठताना ते आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगते आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवते. मालक ओल दिसली की आणखी सिमेंट थापतो.

जाणते गवंडी हे सिमेंट हलक्या हाताने खरवडून पुन्हा चुना भरतात. भिंत वाळायला किती दिवस लागतील, याचा त्यांचा ढोबळ हिशोब महिन्याला एक इंच असा आहे.