यशानंतरची गाफिली : एका जुन्या इशाऱ्याची पार्श्वभूमी

भात कापून झाला, कापसाची पहिली वेचणी घरात आली की नवापूर, विसरवाडी, चिंचपाडा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीच्या सणाची तयारी सुरू होते. पुढे संजीवन सभांचे, म्हणजे विश्वास पुन्हा जागवणाऱ्या सभांचे, मांडव पडतात. देवाने भरभरून दिल्यावर विश्वासणारा गाफील का होतो, हा प्रश्न याच दिवसांत व्यासपीठावरून विचारला जायला हवा. तो आजचा नाही. त्याच्यामागे फार जुना इतिहास आहे आणि तो समजून घेतला तर प्रश्नाची धार कळते.

सुरुवात मोशेपासून करावी लागते. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो यार्देन नदीच्या अलीकडे उभ्या असलेल्या लोकांशी बोलतो. चाळीस वर्षांचे रान मागे पडले आहे, पण हातात अजून काहीच आलेले नाही. अशा वेळी तो त्यांना उपासमारीबद्दल सावध करत नाही. पोटभर जेवाल, चांगली घरे बांधाल, गुरे-मेंढरे वाढतील, सोनेचांदी साठेल, तेव्हा जपा, असे तो सांगतो. त्या दिवशी मन उन्मत्त होईल आणि हे सगळे माझ्याच हाताच्या बळाने झाले असे म्हणाल. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. घर भरण्याच्या आधीच इशारा दिलेला आहे, कारण भरल्यावर तो ऐकू येणे कठीण.

मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या काळात याची प्रचीती आली. यरीहोची तटबंदी पडली आणि लगेच पुढे आय नावाचे लहान गाव होते. हेर म्हणाले, सगळ्या लोकांना कष्टवू नका. सुमारे ३,००० माणसे गेली, ३६ मेली, बाकीची पळाली. यरीहोच्या लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाचे पाप हे कारण पवित्र शास्त्र स्पष्ट सांगते. पण चढाईपूर्वी देवाला विचारल्याचा उल्लेखही त्या वृत्तांतात नाही. दावीद राजाही पापात पडला तो शौल राजा पाठलाग करत असताना नाही. राज्य स्थिर झाल्यावर, सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलेले असताना आणि स्वतः यरुशलेमेत राहिलेला असताना तो पडला.

या दोन कथा आपल्या माणसांना पाठ आहेत. यहूदाचा राजा उज्जीया याची मात्र फारशी ऐकू येत नाही, आणि खानदेशातल्या शेतकऱ्याला खरी तीच भिडावी. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात ती आहे. सोळाव्या वर्षी गादीवर बसलेल्या या राजाने ५२ वर्षे राज्य केले. त्याला शेतीची आवड होती. त्याने रानात बुरूज बांधले, पुष्कळ टाकी खोदली, गुरे राखली, शेतकरी आणि द्राक्षमळेवाले कामाला लावले. जळगाव-रावेरच्या केळीपट्ट्यात विहीर, बोअर आणि ठिबकवर उभे राहिलेले संसार ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा राजा परका वाटणार नाही. त्याचे कर्तृत्व खोटे नव्हते; देवानेच त्याला यश दिले, असे तो अध्याय म्हणतो. मग एक वळण येते. तो बलवान झाला आणि त्याचे मन उन्मत्त झाले. धूप जाळणे याजकांचे काम, ते करायला तो स्वतः मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्यासोबतचे ८० जण आडवे आले, तेव्हा तो संतापला आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला.

या अध्यायात जखऱ्या नावाचा एक माणूस येऊन जातो. त्याने राजाला देवाचे भय शिकवले, आणि त्याच्या हयातीत राजा देवाला शोधत राहिला, एवढेच त्याच्याबद्दल सांगितले आहे. पुढे त्याचे नाव येत नाही. यशस्वी माणसाला "थांब" म्हणणारे कोणी उरले आहे का, हा प्रश्न मला तिथे ऐकू येतो.

नव्या करारात येशूने हीच नस पकडली. सत्तर शिष्य आनंदाने परतले, भुतेही आम्हांला वश होतात म्हणाले. त्याने त्यांचा आनंद त्या यशावरून काढून, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, यावर ठेवला. प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या लावदिकीया शहराच्या मंडळीला तर 'कोमट' हा शब्दच चिकटला. ते शहर इ.स. ६० च्या भूकंपात कोसळले आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभे राहिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. मला काही उणे नाही, असे तिथली मंडळी का म्हणत होती, हे त्यावरून समजते.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटातला साधू इव्हाग्रियस याने आणखी खोल निरीक्षण नोंदवले : बाकीचे दुष्ट विचार हरले की त्यांच्या पराभवावरच पोकळ प्रतिष्ठेचा मोह उभा राहतो. १७८६ साली मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली आपल्या लोकांबद्दल हेच लिहीत होता. विश्वासामुळे माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून पैसा येतो, आणि पैशाबरोबर गर्व. चळवळ संपेल ही त्याची भीती नव्हती. ती निष्प्राण होऊन टिकेल, ही होती. त्याचा उपाय सरळ होता : कमवा, वाचवा, आणि तितकेच देऊन टाका.

मराठी मंडळीला दूर जायची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. १८८९ मध्ये विधवांसाठी त्यांचे शारदा सदन निघाले, तोवर त्यांचे नाव अमेरिकेपर्यंत पोहोचले होते. तरी बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर त्यांना जाणवले की ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. आणि हे त्यांनी लिहून ठेवले. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झाले ते संस्था खचल्यामुळे नव्हे. संस्था मोठी झालेली असतानाच त्यांनी मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी बसवले होते. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यांची भजने मंडळ्यांत रुजलेली होती. आहे त्यात बसून राहणे त्यांना सहज जमले असते.

पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाले. त्या पहिल्या विश्वासणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे आज शिक्षक आहेत, नर्स आहेत, सरकारी कचेऱ्यांत आहेत. ही देवाची कृपाच आहे, आणि मोशेचे शब्द नेमके अशाच पिढीसाठी आहेत.

म्हणून कापणीच्या सणाबद्दल एक कळकळीचे म्हणणे. अनुवादाच्या २६व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आणणाऱ्याने नुसती टोपली ठेवायची नसते. आमचा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आम्ही गुलाम होतो, परमेश्वराने आम्हांला बाहेर काढले, हे त्याने मोठ्याने म्हणायचे असते. आपल्याकडे तांदूळ, तूर, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. बोली चढते, टाळ्या पडतात. त्याआधी प्रत्येक घराने आपली गोष्ट दोन वाक्यांत सांगावी : आजोबा कुठे होते, कोणी प्रार्थना केली, काय मिळाले. आणि त्याच अध्यायाने सांगितल्याप्रमाणे लेवी (स्वतःची जमीन नसलेले मंदिरसेवक) आणि परदेशी जेवणाच्या पंगतीत हवेत. आपल्याकडे याचा अर्थ, ऊसतोडीला गुजरातेत निघालेली घरेही त्या पंगतीला बसली पाहिजेत, आणि सणाची तारीख ती निघण्याआधीची धरली पाहिजे.