इस्ट्रोजेन ग्राहीचे प्रकार

इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पेशीत धरून जनुकांचे काम कमी-जास्त करणारी प्रथिने. मुख्य प्रकार दोन : आल्फा (जनुक ६ व्या गुणसूत्रावर, ५९५ अमिनो अम्ले) आणि बीटा (१४ व्या गुणसूत्रावर, ५३० अमिनो अम्ले). संप्रेरक बसले की ग्राहीचा आकार पालटतो, दोन ग्राहींची जोडी जमते आणि ती डीएनएच्या ठरावीक जागी चिकटते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी ट्रिटियमयुक्त (किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेले) इस्ट्राडायॉल हे मुख्य इस्ट्रोजेन वापरून ग्राहीचा माग काढला. पुढे बराच काळ ग्राही एकच मानला जाई. १९९६ मध्ये उंदराच्या प्रोस्टेटमध्ये दुसरा सापडला, तेव्हा जुन्याला ‘आल्फा’ नाव पडले.

आल्फा गर्भाशय, स्तन, यकृत, हाडे यांत असतो, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो बीटाचा. स्तन, आतडे, प्रोस्टेट अशी त्याची लांबलचक यादी अनेक ग्रंथांत आढळते. पण ती ज्या प्रतिपिंडांच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणाऱ्या रेणूंच्या) भरवशावर केली, तेच चुकीच्या प्रथिनांना चिकटत असावेत. २०१७ मध्ये १३ प्रतिपिंड तपासले गेले, खात्रीचे एकच ठरले. त्याने बीटा अंडाशय, वृषण व लसीका पेशींत दिसला. स्तनात दिसला नाही. हे मत अधिक ग्राह्य वाटते. बीटा-२ या उपप्रकाराला इस्ट्राडायॉल धरता येत नाही. तो आल्फाशी जोडी जमवून त्याला मंदावतो, असे प्रयोगशाळेत दिसते.

१९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद झाली : आल्फाच्या दोन्ही जनुकप्रती निकामी, उंची २०४ सेंमी., तरी हाडांची टोके जुळलेली नव्हती, म्हणजे वाढ थांबलेली नव्हती. पुरुषाच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागते, ते असे कळले. याउलट आल्फाच्या अमिनो अम्लांच्या साखळीतील ५३७ व ५३८ या स्थानांवरील बदलांमुळे ग्राही संप्रेरकाविनाच चालू राहतो. अॅरोमाटेजरोधक (शरीरातील इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणाऱ्या) औषधांनंतर पसरलेल्या स्तनकर्करोगात हे बदल आढळतात.

नागपुरात ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालयातील स्तनकर्करोगाच्या रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालातले ‘ईआर’ (इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ग्राही) हा आल्फाच. बीटा नेहमीच्या तपासणीत नसतो. गाठीच्या तुकड्यावर आल्फाचे प्रतिपिंड व रंग टाकल्यावर किमान १ टक्का कर्कपेशींची केंद्रके तपकिरी रंगली तर ‘पॉझिटिव्ह’, १ ते १० टक्के असल्यास ‘लो पॉझिटिव्ह’. गडचिरोली-गोंदियाकडून गाठीचा तुकडा यायचा असेल, तर तो काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) पडावा व ६ ते ७२ तास राहावा. नुसत्या सलाइनमध्ये पाठवल्यास प्रथिन नासते आणि ‘निगेटिव्ह’ खोटे ठरू शकते. म्हणून त्याच काचपट्टीवरील निरोगी दुग्धनलिका आधी पाहतात. तिथली केंद्रकेही कोरीच असतील, तर तपासणी पुन्हा करावी लागते.